भिंतीवरच्या डब्याचे नियम

घरातल्या वाय-फायवर किती वस्तू चालतात, हे एकदा बसून मोजावे. अब्बांचा फोन, अम्मीचा फोन, मोठ्या मुलाचा लॅपटॉप, धाकटीचा ऑनलाइन नाजरा कुरआनचा तास ज्यावर चालतो तो टॅब, टीव्ही, वाडीकडे तोंड करून लावलेला कॅमेरा, ईदला येऊन गेलेल्या पाहुण्यांचे फोन, आणि ‘फक्त परीक्षेपुरता द्या’ म्हणून शेजारच्या मुलाने नेलेला पासवर्ड. आकडा सहज पंधराच्या घरात जातो. या सगळ्यांची ये-जा एकाच दारातून होते. ते दार म्हणजे भिंतीवरचा राउटर. घराच्या दाराला कडी, कुलूप, जाळी सगळे असते. राउटर मात्र बसवणाऱ्याने ज्या स्थितीत सोडला, त्याच स्थितीत वर्षानुवर्षे असतो.

घोलवड हे मुंबईहून सुरतेकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेवरचे महाराष्ट्रातले शेवटचे स्थानक. पुढचे उंबरगाव गुजरातेत. चिकूसाठी गावाचे नाव देशभर आहे, त्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. इंटरनेटच्या बाबतीत मात्र हा पट्टा बरीच वर्षे सीमेवरचाच राहिला. फोन हातात धरून समुद्राकडे गेले की तो गुजरातच्या टॉवरला चिकटायचा आणि रोमिंग लागायचे, हे जुन्या लोकांना आठवत असेल. आता घोलवड, बोर्डी, डहाणूच्या घराघरात फायबर आले आहे. बहुतेक ठिकाणी केबलवालाच फायबरवाला झाला. त्याचा माणूस येतो, भिंतीला भोक पाडतो, डबा टांगतो, वाय-फायचा पासवर्ड पेनाने डब्यावरच लिहितो आणि पुढच्या घरी जातो. त्याचे काम तेवढेच आहे. पुढचे काम घराचे, आणि ते कोणी कोणाला शिकवलेले नाही.

हे काम टाळले तर काय होते, याचे एक उदाहरण नवी मुंबईचे आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी तो मेल ज्या इंटरनेट जोडणीवरून गेला तिचा माग काढला आणि ते सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या दारात पोहोचले. तिथे एक अमेरिकन नागरिक कुटुंबासह राहत होता. त्याच्या वाय-फायला पुरेसे संरक्षण नव्हते आणि कोणीतरी बाहेरून ते वापरून मेल पाठवला होता. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले, आठवडेच्या आठवडे त्याचे नाव वर्तमानपत्रांत राहिले. त्याच्यावर आरोप ठेवले गेले नाहीत. त्यानंतर ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये असेच आणखी दोन मेल मुंबईतूनच गेले. एकदा माटुंग्याच्या एका कॉलेजचे वाय-फाय वापरले गेले, एकदा चेंबूरच्या एका कंपनीचे.

त्या अमेरिकन गृहस्थाला निदान वकील, वकिलात आणि वर्तमानपत्रे उपलब्ध होती. असा मेल आपल्यापैकी एखाद्याच्या जोडणीवरून गेला असता तर घरावर काय वेळ आली असती, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. जोडणी ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. म्हणून शेजारच्या मुलाला पासवर्ड देऊ नका असे मी म्हणत नाही. शेजाऱ्याला नाही म्हणणे आपल्याकडे होतही नाही. त्याला पाहुण्यांचे वेगळे वाय-फाय द्या. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची सोय असते. त्याला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड देता येतो, आणि परीक्षा संपली की घरातल्या कोणाच्याही फोनला हात न लावता तो बदलता येतो. जोडणी तरीही आपल्याच नावावर राहते, म्हणून हा पासवर्ड ओळखीच्या माणसाच्या पुढे जाऊ देऊ नये.

आता फायरवॉल म्हणजे काय ते पाहू. दुबईत ज्यांचा मुलगा किंवा नवरा आहे त्यांना हे चटकन समजेल. तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, फोटो येतो, पण त्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोन लागत नाही. फोन तोच, अ‍ॅप तेच, इंटरनेट तेच. मधल्या कोणीतरी नियम घातला आहे : अमुक प्रकारचे बोलणे जाऊ द्या, तमुक प्रकारचे अडवा. नियम घालणाऱ्याने प्रत्येक घरात माणूस बसवलेला नाही, जाळ्याच्या तोंडाशी एक यंत्र बसवले आहे. घरच्या राउटरमध्ये अगदी याच जातीचे, फक्त फार लहान यंत्र असते. फरक एवढाच की त्याचे नियम लिहिण्याचा हक्क आपला आहे.

प्रत्येक नियमाला चार-पाच गोष्टी सांगाव्या लागतात. कोणाकडून निघालेले, कुठे जाणारे, कोणत्या पोर्टवर, कोणत्या वेळी, आणि जाऊ द्यायचे की अडवायचे. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरच्या क्रमांक घातलेल्या खिडक्या. वेबसाइटचे काम साधारण ४४३ नंबरच्या खिडकीतून चालते, घड्याळ जुळवण्याचे १२३ मधून, साइटचे नाव विचारण्याचे ५३ मधून. नवा राउटर सहसा एक मोठा नियम आधीच घालून येतो : आतून कोणी काही मागितले असेल तर त्याचे उत्तर आत येऊ द्या, बाहेरून आपणहून येणाऱ्याला आत घेऊ नका. हा नियम चांगला आहे. गडबड होते ती या नियमाला नंतर पाडलेल्या भोकांमुळे.

घोलवडच्या माझ्या खालाच्या घरी असेच एक भोक होते. वाडीतून चिकू आणि नारळ जातात म्हणून त्यांनी चार कॅमेरे लावून घेतले. तीन बाहेर, एक ओट्यावर. ओट्यावरच्या कॅमेऱ्यात आतली बैठक अर्धी दिसते. दुबईच्या मुलाला घर दिसावे, ही खालाची इच्छा. कॅमेरे बसवणाऱ्याने राउटरमध्ये काहीतरी केले आणि मुलाला दिसू लागले. दोन वर्षे सगळे ठीक.

मी विचारले, “खाला, हा कॅमेरा बाहेरून कोण कोण पाहू शकतं?”

“कोण पाहणार बेटा? मुलगाच पाहतो. पासवर्ड आहे ना त्याला.”

“पासवर्ड तुम्ही ठेवला की त्याने?”

“त्यानेच दिला. कागदावर लिहून दिला होता, सापडला तर दाखवते.”

कागद सापडला. पासवर्ड कंपनीतून आलेलाच होता, त्या कंपनीच्या प्रत्येक यंत्राला असतो तो. आणि राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ या पानावर दोन ओळी होत्या, म्हणजे जगातून कोणीही आला तरी थेट कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरपर्यंत नेणारा रस्ता. मुलासाठी उघडलेले दार फक्त मुलासाठी उघडे राहत नाही. इंटरनेटवर अशी दारे शोधत फिरणारी यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. त्यांना घोलवड कुठे आहे हे माहीत नसले तरी चालते, ती फक्त आकडे मोजत एकेक पत्ता ठोठावत जातात.

दार उघडे राहिले तर काय घडते, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटला दिसले. तिथल्या एका प्रसूती रुग्णालयात महिलांच्या तपासणीच्या खोलीतले कॅमेऱ्याचे चित्रण चोरून टेलिग्रामवर विकले जात होते. त्या बायकांना काही कल्पना नव्हती. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना पकडले त्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. कॅमेऱ्याचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’पुढे एक-दोन-तीन असा कंपनीछाप होता, असेही पुढे आले. ही बातमी सांगितल्यावर खाला बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ओट्यावरचा आधी काढ.”

तो काढला. माझे मत असे की घराच्या आत कॅमेरा लावूच नये, आणि ज्यात आतली माणसे दिसतात तो कॅमेरा आतलाच धरावा. परक्याने दाराशी थांबून सलाम करावा, परवानगी मिळाली तरच आत यावे, इतका जपून पाळलेला रिवाज ज्या घरात आहे, तिथे छतावरून चोवीस तास आत पाहणारा डोळा बसवणे मला पटत नाही. म्हातारी सासू एकटी असते, लहान मूल कामवालीवर सोडावे लागते, अशी अडचण खरीच असेल तर कॅमेरा ठेवा. पण मग तो इंटरनेटवर जाता कामा नये. त्याचे चित्रण त्याच्याच कार्डात किंवा घरातल्या रेकॉर्डरमध्ये राहू द्या. इथेच फायरवॉलचा नियम उपयोगी पडतो.

हा नियम लिहायचा कसा? राउटरचे पान फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडते. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि डब्याच्या पाठीवर छापलेला असतो. आधी त्या पानाचा पासवर्ड बदला; हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. मग पोर्ट फॉरवर्डिंगच्या ओळी काढून टाका. काही राउटरमध्ये त्या पानाला ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ म्हणतात. ‘डीएमझेड’ चालू असेल तर बंद करा. ‘यूपीएनपी’सुद्धा बंद करा, कारण ती चालू असली की घरातली कोणतीही वस्तू तुम्हाला न विचारता स्वतःसाठी बाहेरून दार उघडून घेऊ शकते. ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणजे बाहेरून राउटरचे पान उघडण्याची सोय, तीही नको.

एवढे करून बाहेरून आत येणारी वाट बंद झाली. कॅमेरा मात्र अजूनही आपणहून बाहेर जाऊ शकतो. आजकालचे बरेच कॅमेरे दार उघडायला सांगतच नाहीत. ते स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला जोडले जातात आणि आपले अ‍ॅप त्या सर्व्हरवरून चित्र आणते. म्हणजे ओट्याचे चित्र आधी कुठल्यातरी दूरच्या कंपनीकडे जाते आणि मग दुबईला पोहोचते. वाडीच्या कुंपणावरच्या कॅमेऱ्याचे असे चित्र गेले तर मला फारशी हरकत वाटत नाही. खाला आणि मी तेच ठरवले : वाडीचे तीन कॅमेरे रेकॉर्डरवरून काढून वेगळे जोडले, ते मुलाला अ‍ॅपवर दिसू देत, नवा पासवर्ड घालून. रेकॉर्डर आता फक्त घरातल्या टीव्हीवर दिसतो. पुढे कधी आतला कॅमेरा जोडला तर त्याच रेकॉर्डरला, असे त्यांनी स्वतःच ठरवले, आणि त्याला बाहेर जायला पूर्ण बंदी.

बंदीचा नियम लिहिण्यापूर्वी त्या वस्तूला घरातला कायमचा पत्ता द्यावा लागतो. राउटर सगळ्यांना पत्ते वाटतो आणि ते बदलू शकतात. उद्या रेकॉर्डरचा पत्ता टॅबला मिळाला तर मुलीचा कुरआनचा तास बंद पडेल आणि रेकॉर्डर मोकळा सुटेल. ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ या पानावर रेकॉर्डरला, समजा, १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा बांधून द्या. मग फायरवॉलच्या किंवा ‘आयपी फिल्टर’च्या पानावर लिहा : १९२.१६८.१.५० कडून बाहेर कुठेही, सगळी पोर्ट, अडवा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बहुतेक लोकांचे नियम इथेच फसतात. बंदी घातली की रेकॉर्डरला इंटरनेटवरून वेळ जुळवता येत नाही. काही महिन्यांत त्याचे घड्याळ मागे-पुढे होते, आणि चोरीच्या चित्रणावर चुकीची वेळ असेल तर तक्रार देताना नवेच प्रश्न उभे राहतात. म्हणून दुसरा नियम हवा : त्याच पत्त्याकडून १२३ पोर्टवर जाणारे जाऊ द्या. पण बहुतेक राउटर नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडतो तिथेच थांबतो. ‘सगळे अडवा’ वर आणि ‘घड्याळ जाऊ द्या’ खाली असेल तर दुसऱ्या ओळीपर्यंत तो कधी पोहोचतच नाही. सवलत वर, बंदी खाली.

नियम लिहूनही एक दार राहून जाते. इंटरनेटवर पत्त्यांच्या दोन पद्धती आहेत, जुनी आयपीव्ही४ आणि नवी आयपीव्ही६. भारतात नव्या पद्धतीचा वापर जगातल्या अनेक देशांपेक्षा जास्त आहे. जुन्या पद्धतीत घरातल्या सगळ्या वस्तू राउटरच्या एकाच पत्त्याआड लपतात; नव्या पद्धतीत प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. आपण १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर घातलेली बंदी नव्या पत्त्याला लागू होत नाही. राउटरमध्ये ‘आयपीव्ही६ फायरवॉल’ चालू आहे ना, हे पाहा. रेकॉर्डरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ बंद करता येत असेल तर तेही करा.

बाहेर जाणाऱ्या गोष्टींवर नियम कशाला, असे कोणी विचारेल. चिकूच्या वाडीला कुंपण असते ते आत येणाऱ्यासाठी. फाटकातून भरून निघालेल्या टेम्पोत काय आहे ते मात्र मालकच पाहतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे असंख्य कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याचे हत्यार म्हणजे कंपनीछाप नावे-पासवर्डांच्या साठएक जोड्यांची यादी, बाकी फारसे काही नाही. २१ ऑक्टोबरला त्या सगळ्या वस्तूंनी एकाच वेळी अमेरिकेतल्या एका कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास कोलमडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना त्यातले काही कळले नाही. ज्या घरात कॅमेऱ्याला बाहेर जायची बंदी होती, तिथला कॅमेरा या माऱ्यात सामील होऊ शकला नसता.

आता मुलांचे. या विषयावर मला सर्वांत जास्त विचारले जाते, आणि फायरवॉलकडून सर्वांत जास्त चुकीची अपेक्षा याच बाबतीत ठेवली जाते. एखादी साइट पत्त्यावरून अडवायला गेलात तर फसाल. मोठ्या साइटचे पत्ते शेकडो असतात आणि एकाच पत्त्यावर दहा साइट असतात. त्यापेक्षा नाव विचारण्याच्या टप्प्यावर अडवणे सोपे. राउटरच्या डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे दोन आकडे घातले की घातक आणि अश्लील साइटची नावे बहुतांशी उघडतच नाहीत. क्लाउडफ्लेअर या कंपनीने एप्रिल २०२० पासून ही सोय फुकट ठेवली आहे. हुशार मूल फोनमध्ये वेगळा डीएनएस घालून यातून निसटते, म्हणून त्याच्या फोनकडून बाहेर जाणारी ५३ आणि ८५३ ही पोर्ट अडवावीत. तरी एक फट राहते, कारण काही ब्राउझर हेच काम ४४३ मधून करतात आणि ती खिडकी बंद केली तर सगळेच बंद. आणि मुलाच्या फोनमध्ये सिम असेल तर त्याने वाय-फाय बंद केले की आपले सगळे नियम घरीच राहतात. तिथे राउटर हरतो. तिथे बोलावेच लागते.

वेळेचे नियम मात्र उत्तम चालतात. रात्री साडेदहानंतर मुलांच्या टॅबला इंटरनेट नाही, हा नियम एकदा लिहिला की रोजची तकरार संपते, कारण ‘नाही’ आता अम्मी म्हणत नाही, डबा म्हणतो. नाजराच्या तासाची वेळ पाहून नियम लिहा. उस्ताद दुसऱ्या देशात असतील तर तास अवेळीही असू शकतो. रमजानात वेळा बदला. तरावीहनंतर घर जागे असते, सहेरीला पुन्हा उठते, आणि जुना नियम तसाच राहिला तर मधेच कोणाचा तरी व्हिडिओ कॉल तुटून घरभर ओरडा होतो. आणखी एक : अलीकडचे फोन वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता दाखवत नाहीत, बनावट दाखवतात. मुलाच्या फोनवर घरच्या वाय-फायपुरती ही सोय बंद केली तरच त्याच्या नावाचा नियम त्याला लागू राहील.

वेळेचे नियम घालताना राउटरमध्ये एक पान दिसते, ‘लॉग’. काही राउटरमध्ये त्यात कोणत्या फोनवरून कोणती साइट उघडली याची यादी येते. ते पान पाहण्याचा मोह घरातल्या कर्त्या माणसाला होतो, हे मी पाहिले आहे. रेकॉर्डर बाहेर कुठे जायला पाहतो हे त्यात जरूर तपासा. पण सुनेने, मोठ्या मुलीने किंवा भावाने रात्री काय वाचले हे तिथे शोधू नका. तजस्सुस खिडकीतून केला काय आणि राउटरच्या लॉगमधून केला काय, तो तजस्सुसच. ज्यांच्यासाठी नियम लिहिला त्यांना तो आधी सांगावा, कागदावर लिहून फ्रिजला लावला तरी चालेल. गुपचूप लावलेल्या नियमाने मुले फक्त फटी शोधायला शिकतात.

एवढे वाचून राउटरचे पान उघडाल आणि यातली अर्धी पाने दिसणारच नाहीत, असेही होईल. कंपनीने दिलेल्या डब्यात ग्राहकाला अनेकदा छोटी किल्ली मिळते आणि मोठी किल्ली ऑपरेटरकडे राहते. ती त्यांच्याकडे असण्याचा धोका २०१७ च्या जुलैअखेर दिसला. बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एकाएकी बंद पडले. आकडा साठ हजारांच्या आसपास सांगितला गेला. कंपनीला दुरून मोडेम सांभाळता यावा म्हणून ठेवलेले ७५४७ हे पोर्ट बाहेरच्या जगालाही उघडे होते आणि पासवर्ड मूळचेच होते. ब्रिकरबॉट नावाच्या प्रोग्रॅमने आत शिरून मोडेमची सेटिंगच पुसली. बीएसएनएलने मग ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले.

तेव्हा ऑपरेटरला फोन करून विचारा : ‘भाई, फायरवॉल आणि पोर्ट फॉरवर्डिंगची पाने मला दिसतील असे लॉगिन द्या, आणि दुरून व्यवस्थापनाचे पोर्ट फक्त तुमच्या सर्व्हरपुरते आहे ना ते सांगा.’ घोलवडसारख्या गावात हा माणूस ओळखीचा असतो, चहाला बसवून विचारले तर बहुधा मदत करतो. नाहीच जमले तर त्याच्या डब्याच्या पुढे स्वतःचा एक साधा राउटर लावावा आणि घरातल्या सगळ्या वस्तू त्याला जोडाव्यात. त्याच्या डब्याचे वाय-फाय बंद करायला मात्र विसरू नका, नाहीतर अर्धे घर जुन्याच दाराने ये-जा करत राहील.

पावसाळ्यात वीज सारखी जाते, त्याचाही नियमांशी संबंध आहे. साध्या राउटरला घड्याळाची बॅटरी नसते. वीज आली की तो आधी जुन्याच कुठल्यातरी तारखेत जागा होतो आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत वेळेचे नियम भलत्याच वेळी चालतात. वेळ-विभाग साडेपाच तासांचा, भारताचा निवडलेला आहे का ते पाहा. आणि तक्रार केल्यावर ऑपरेटरचा माणूस येऊन पहिले काम करतो ते मागच्या भोकात टाचणी घालून राउटर मूळ स्थितीत आणण्याचे. त्याने आपले सगळे नियम एका क्षणात पुसले जातात आणि कोणी सांगतही नाही. राउटरच्या पानावर ‘बॅकअप’ असते, ते घेऊन ठेवा. शिवाय गॅसच्या पुस्तकाशेजारी एक वही ठेवा, नियम कोणते आणि कोणत्या क्रमाने हे त्यात लिहून. खालाने ती वही उर्दूत लिहिली आहे, डावीकडून लिहिलेले आकडे मधेमधे आणि बाकी उजवीकडून. कोणी डबा रीसेट केला की त्या मला फोन करत नाहीत, वही काढून भाच्याला बसवतात.

इतके करूनही कोणी घरातले चित्रण बाहेर काढले, त्यावरून धमकावले, तर पैसे देऊ नका आणि चित्रण पुसूही नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येते. महिला आणि मुलांविषयीच्या अशा तक्रारी नाव न देताही नोंदवता येतात. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल तितके बरे. दुसऱ्याच्या खाजगी अवयवांचे चित्र संमतीविना काढणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नियम लिहून झाले की तपासणी बाहेरून करावी, घरातून नाही. फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर जा आणि रेकॉर्डरचे जुने अ‍ॅप उघडा. चित्र आले तर कुठेतरी दार उघडे आहे. नंतर राउटरच्या पानावर ‘वॅन’ पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुमच्या कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्याआड ठेवले आहे आणि जुन्या पद्धतीने बाहेरून तुमच्या दारापर्यंत थेट कोणी पोहोचत नाही. मग अ‍ॅपवर दिसणारे चित्र कंपनीच्या सर्व्हरवरूनच येत असणार, आणि बाहेर जाणाऱ्या बंदीच्या नियमाकडे परत जायला हवे. खालाच्या घरी ही तपासणी दुबईहून झाली. मुलाने तिकडून दोन्ही अ‍ॅप उघडली. वाडीतली झाडे दिसली, रेकॉर्डर ‘जोडता येत नाही’ म्हणाला.